शेपू-लोण्याच्या सॉसमधला मासा आणि त्याला सुटणारं पाणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंहगड रोडला राहता, घरात खाणारी चार माणसं. बासाच्या फिलेचं, म्हणजे काटा काढलेल्या सपाट तुकड्यांचं पाकीट आणलं, बटरवर लसूण परतला, फ्रेश क्रीम ओतलं, सुका पार्सली आणि ओरेगॅनो भुरभुरला, त्यात मासा सोडून झाकण ठेवलं. दहा मिनिटांनी उघडलं तर सॉस पाणचट. लिंबू पिळलं तर क्रीम फाटलं. हलवायला गेलात तर माशाचा भुगा. पुढच्या रविवारी महागामोलाचं पापलेट आणून तेच केलं, तर ते कोरडं ठाक झालं. वर सासूबाई म्हणतात, मासा आणि दूध एकत्र करायचंच नसतं. आणि शेवटचं, ताजा पार्सली पुण्यात नक्की कुठे मिळतो?

मी बरीच वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये माशांचं काम केलं, आता कोथरूडला घरीच शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीची तक्रार थोड्याफार फरकाने हीच असते. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

तुमच्या पहिल्या चारही तक्रारी एका पाण्याच्या आहेत. पांढऱ्या माशात पाऊण भागाहून जास्त पाणीच असतं. आच लागली की मांसाचे धागे आक्रसतात आणि पाणी बाहेर टाकतात. अर्धा किलो तुकड्यांतून अर्धी वाटी पाणी आरामात निघतं. ते निघणारच, कुणाच्याही हाताने निघणार. मिठाने आधी काढायचं, की पातेल्यात निघालेलं वेगळं धरून आटवायचं, की क्रीममध्ये सांडू द्यायचं, एवढंच आपल्या हातात असतं. तुम्ही तिसरा रस्ता धरलात.

यात तुमचा दोष कमी आणि सवयीचा जास्त. आपण मासा शिजवतो तो कालवणात. रस्सा उकळला की तुकड्या सोडायच्या, दोन उकळ्या, गॅस बंद. तिथे माशाचं पाणी रश्शात उतरलेलं हवंच असतं, चव त्यातच असते, आणि खोबरं-मिरची-आमसुलाच्या वाटणाला जास्तीचं अर्धी वाटी पाणी जाणवतही नाही. लोण्याचा किंवा क्रीमचा सॉस सगळा मिळून जेमतेम अर्धी-पाऊण वाटी. त्यात अर्धी वाटी पाणी गेलं तर उरलं काय?

आधी मासा निवडू. या प्रकाराला हलक्या चवीचा, कमी तेलाचा, पांढऱ्या मांसाचा मासा लागतो. माझी पहिली पसंती जिताड्याला. मांस घट्ट, पाकळी मोठी, काटे कमी, आणि दोन मिनिटं जास्त झाली तरी सांभाळून घेतो. रायगडकडचा खाडीचा जिताडा मिळाला तर उत्तमच, पण मत्स्यशेतीतलाही चालतो. त्यानंतर रावस, घोळ, तांबोशी, हेकरू. पापलेट चवीला छानच, पण पातळ असतं, त्यामुळे चुकायला वाव फार कमी. मुडदुशी नाजूक आणि गोड, मात्र तिचे फिले काढायला हात बसलेला हवा. सुरमई आणि हलवा हे मासे यात घालू नका. ते तव्याचे मासे, तिखट-मीठ-हळद आणि रव्याचे. बांगड्याचं तर नावच नको, त्याच्या तेलापुढे शेपू काय आणि लोणी काय, सगळं हरतं.

बासा? बासाला नाक मुरडणारे पुण्यात पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही. त्याला स्वतःची चव नाही हे खरं, पण वासही नाही, काटाही नाही, आणि मुलं खातात. सॉस चांगला असेल तर बासा चालतो. चिलापीही चालते. उजनीची, भिगवणकडून येणारी चिलापी पांढरी असते आणि स्वस्त पडते. गोड्या पाण्यातल्या माशाला कधीकधी मातकट वास असतो, तो आंबटाने कमी होतो. तुकड्यांवर लिंबू चोळून पाच मिनिटांत धुऊन टाका आणि लगेच टिपा. अर्धा तास लिंबात ठेवलात तर मांस आच न लागताच पांढरं पडून खडूसारखं होईल.

बाजाराचं सांगायचं तर मोठी आवक गणेश पेठेत, सकाळी लवकर. कॅम्पातल्या लोकांना शिवाजी मार्केट जवळचं. पुण्याला समुद्र नाही, इथे येणारी समुद्राची मासळी बर्फात घाट चढून आलेली असते. म्हणून 'ताजा आहे ताई' यावर न जाता हाताने बघा. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि स्वच्छ, पोट घट्ट, बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून येणारा. पापलेटाची कोळणींची एक खूण आहे: कल्ल्याजवळ दाबलं की पांढरट पाणी आलं तर घ्यायचं, लालसर आलं तर पुढे चालायचं. आणि तळहाताएवढी पापलेटची पिल्लं स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. २०२३ मध्ये पापलेट आपला राज्यमासा झाला, तो त्याची आवक घटत चालली म्हणूनच. पिल्लं खाऊन संपवली तर पुढे आणणार कुठून? शिवाय त्यांच्यात खायला काही नसतंही.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बाजारात समुद्राचं जे मोठं पापलेट दिसतं ते बहुतेक बर्फघरातलं असतं. पावसाळ्यात मी सरळ शेतीतला जिताडा, चिलापी किंवा बासा घेते आणि पापलेटाची आठवण नारळी पौर्णिमेनंतर काढते.

मासेवाल्याला काय सांगायचं तेही सांगते. पापलेट असेल तर खवले, पाखे, पोट साफ, पण कालवणासारख्या आडव्या तुकड्या नकोत. दोन्ही बाजूंचे फिले काढून मागा आणि मधला काटा व डोकं वेगळ्या पिशवीत मागून घ्या. पैसे त्याचेही दिलेले असतात. त्याचं काय करायचं ते पुढे येतंच.

आता पाणी. बासाच्या पाकिटापासून सुरुवात करू. गोठवलेल्या फिलेवर बर्फाचं पातळ आवरण असतं, ते वितळलं की पाणीच. त्याशिवाय अनेक कंपन्या मांसात पाणी धरून ठेवणारे फॉस्फेट घालतात. पाकिटावर घटकांच्या यादीत ४५१ किंवा ४५२ असे आकडे दिसले तर समजा की हा मासा कढईत जास्त पाणी सोडणार. शक्यतो नुसता मासा असलेलं पाकीट घ्या आणि बर्फ सोडून निव्वळ वजन किती ते वाचा. आदल्या रात्री फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, चाळणीत ठेवा आणि चाळणीखाली ताटली. ओट्यावर ठेवून किंवा गरम पाण्यात बुडवून वितळवू नका. बाहेरचा भाग मऊ पडतो, आत गोळा तसाच राहतो, आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तर ते बरंही नाही.

मग मीठ. मासा धुऊन कोरडा केलात की त्याच्या वजनाच्या साधारण १ टक्का मीठ लावा. ६०० ग्रॅम फिलेला सपाट एक चमचा, म्हणजे पोह्याचा चमचा नव्हे, चहाचा. दोन्ही बाजूंनी चोळून ताटलीत पसरा, ताटलीच्या एका कडेखाली वाटी सरकवून ती तिरकी करा आणि फ्रीजमध्ये १५ ते २० मिनिटं ठेवा. बाहेर काढाल तेव्हा खालच्या कडेला धुरकट पाण्याचं तळं झालेलं दिसेल आणि तुकडा बोटाला मघाचपेक्षा कडक, किंचित चिकट लागेल. ते पाणी ओतून टाका, तुकडे पेपर नॅपकिनने किंवा जुन्या स्वच्छ सुती कापडाने दोन्ही बाजूंनी टिपा. चोळायचं नाही, दाबून टिपायचं. शिजताना माशावर जो पांढरा साका येतो ना, तोही या मिठाने बराच कमी होतो.

हे काही परदेशी शास्त्र नाही. बोंबील तळण्याआधी चिरून, मीठ लावून, फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. बोंबलाला आपण दाबतो, पापलेटला दाबत नाही, कारण बोंबलाचं पाणी डोळ्यांना दिसतं. एवढाच फरक आहे. फक्त या मिठाबरोबर हळद लावू नका. हात आपोआप डब्याकडे जातो, मला माहीत आहे, पण सॉस पिवळा होईल आणि शेपूच्या वासावर हळद बसेल.

आता शिजवणं. तुम्हाला सर्वांत बिनधोक पद्धत सांगते, ज्यात निघालेलं पाणी वाया जात नाही आणि घरभर तळणाचा वासही सुटत नाही. शेजारी शाकाहारी असतील तर या दुसऱ्या मुद्द्याचं मोल कळेल.

पसरट, घट्ट झाकणाचं पातेलं घ्या. त्यात सगळे तुकडे एका थरात मावायला हवेत, एकावर एक नाही. तळाला चमचाभर लोणी, त्यावर एक लहान कांदा अगदी बारीक चिरून आणि शेपूच्या जुडीचे कोवळे देठ. मंद आचेवर कांदा पारदर्शक होऊ द्या, रंग येऊ द्यायचा नाही. अर्धी वाटी पाणी आणि एक छोटा चमचा साधं पांढरं व्हिनेगर घाला. घरात नाशिकची पांढरी वाइन उघडी असेल तर पाण्यातला अर्धा वाटा तिला द्या, मग व्हिनेगर नको. त्यासाठी मुद्दाम बाटली आणायला जाऊ नका. काटा आणि डोकं मागून आणलं असेल तर साध्या पाण्याऐवजी त्याचं पाणी वापरा. डोक्यातले कल्ले काढून, काटा तोडून, दीड वाटी पाण्यात २० मिनिटं मंद उकळा आणि गाळा. त्यापेक्षा जास्त वेळ उकळलं तर कडवटपणा उतरतो. मटणाच्या हाडांचा हिशेब इथे चालत नाही.

पाण्याला बारीक बुडबुडे आले की तुकडे ठेवा. पाण्याने ते बुडायचे नाहीत, तळापासून अर्ध्यापर्यंत आले तरी पुष्कळ. वर लोणी लावलेला बटर पेपर, त्यावर झाकण, गॅस सगळ्यात लहान. तुमच्या शेगडीची सगळ्यात लहान ज्योतही मोठी वाटत असेल तर खाली जुना तवा ठेवा. पाण्याने थरथरायचं, खळखळायचं नाही. मधे उलटायचं नाही, ढवळायचं तर अजिबात नाही.

किती वेळ? जाडीच्या दर इंचाला दहा मिनिटं हा जुना ठोकताळा आहे. मला तो जास्त वाटतो, मी सात मिनिटांपासून बघायला लागते. पापलेटचा फिले अर्धा इंच भरला तर तीन-साडेतीन मिनिटांत झालेला असतो. तुम्ही त्याला दहा मिनिटं दिलीत. ते कोरडं पडलं यात पापलेटची काही चूक नाही. मांस साधारण ५० ते ५५ अंशांना पांढरं होऊन पाकळ्या सुटायला लागतात आणि ६०च्या पुढे झपाट्याने वाळतं. अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत माशासाठी ६३ अंश सांगितलेले आहेत. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर तिथवर जा, पण त्यापुढे जायचं काही कारण नाही.

थर्मामीटर नसला तर सुरीचं टोक. सगळ्यात जाड जागी आडवं घाला आणि किंचित उचला. मधोमध अजून जराशी काचेसारखी पारदर्शक रेघ दिसत असेल आणि बाकी पाकळ्या आपणहून सुटत असतील तर गॅस बंद करायची हीच वेळ. उरलेलं काम अंगच्या उष्णतेवर ताटलीत होतं. पाकळ्यांतून पांढरं दाट पाणी वर यायला लागलं असेल तर उशीर झालाय.

रुंद उलथन्याने तुकडे ताटलीत काढा आणि झाका. आता पातेल्यात जे उरलंय ते अमृत आहे. गाळून परत त्याच पातेल्यात घाला, गॅस मोठा करा आणि आटवा. पाऊण वाटीचं तीन-चार मोठे चमचे राहिलं पाहिजे. रंग मधासारखा फिकट होतो, बुडबुडे बारीक-दाट होतात, आणि माशाचा, कांद्याचा, देठांचा मिळून एक वास येतो. ताटलीत मासा थांबलाय तिथेही पाणी गोळा झालेलं असेल, तेही यातच. तुमचा सॉस ज्याने बिघडवला होता तेच हे पाणी.

गॅस बंद. आता फ्रीजमधलं थंड लोणी किंवा बटर, ५० ते ६० ग्रॅम, बोराएवढे तुकडे करून. दोन तुकडे टाका, पातेलं दांड्याला किंवा पकडीने धरून गोल गोल फिरवा. विरघळत आले की पुढचे दोन. थंड वाटायला लागलं तर पातेलं क्षणभर ज्योतीवर नेऊन आणा. होता होता ते पिवळसर, दाट, सायीसारखं मिळून येतं. इथे उकळी आली की खेळ संपला. तूप वर आणि पाणी खाली. तसं झालंच तर चमचाभर गार पाणी घालून जोरात फेटा, बहुतेकदा परत जुळून येतं.

इथे दोन गोष्टी. तूप चालणार नाही. लोण्यात थोडं पाणी आणि दुधातले इतर घटक असतात, त्यांच्या जोरावर ते माशाच्या पाण्याशी मिळून येतं. तुपात ते कढवून काढलेले असतात, ते वर तरंगत बसेल. आणि बाजारचं पिवळं बटर खारट असतं, माशालाही मीठ लागलेलं, पाणीही आटवलेलं. म्हणून सॉसला वेगळं मीठ घालू नका, आधी चाखा. माझ्या मते याला सगळ्यात छान लागतं ते घरच्या सायीचं ताजं लोणी, दोन पाण्यांनी धुतलेलं. त्याची किंचित आंबूस चव माशाला शोभते. आठवडाभर फ्रीजमध्ये पडलेलं, वास बदललेलं लोणी मात्र कढवायलाच ठेवा.

क्रीमच हवं असेल तर याच आटवलेल्या पाण्यात लोण्याऐवजी अर्धी वाटी. आपल्याकडच्या डब्यातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. इतक्या पातळ क्रीमला आंबट आणि उकळी एकदम सोसत नाही. तुमचं फाटलं ते म्हणूनच: कढत, वर पातळ झालेलं, आणि त्यात थेट लिंबू. हे क्रीम करणार असाल त्या दिवशी सुरुवातीचं व्हिनेगर वगळा. क्रीममध्ये पाव चमचा तांदळाची पिठी आधी नीट कालवून घ्या, मंद आचेवर दोन मिनिटं हलवत ठेवा. चमच्याच्या पाठीवर थर बसला की गॅस बंद, आणि लिंबू सगळ्यात शेवटी, थेंबाथेंबाने. पिठीमुळे ते धरून राहतं.

आता हिरवं. पार्सली मिळतो, महात्मा फुले मंडईत आणि मार्केट यार्डात परदेशी भाज्यांच्या गाळ्यांवर, मोठ्या सुपरमार्केटमध्येही. पण तुम्ही त्याच्या मागे का लागताय? युरोपच्या उत्तरेकडे माशाबरोबर जी पानं हमखास घालतात ती शेपूच्याच जातीची आहेत, आणि शेपू आपल्याकडे कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडेही मिळतो. आपला शेपू जरा उग्र असतो म्हणून हात आखडता ठेवायचा. चार माणसांना तीन मोठे चमचे बारीक चिरलेला पुरे. मुगाची डाळ घालून केलेली शेपूची भाजी पाहून पळणारी माणसं लोण्यातला शेपू मिटक्या मारत खातात, हे मी किती वेळा पाहिलंय.

फक्त वरची पिसासारखी पानं घ्या, जाड देठ नकोत. आधी धुवा, झटका, कापडावर पसरून पूर्ण कोरडा करा, मगच धारदार सुरीने एकदाच चिरा. ओला शेपू रपारप कापलात तर पाटावर हिरवं पाणी आणि सुरीखाली चोथा. इथेही पाणीच! आणि घालायचा कधी? लोणी मिळून आल्यावर, गॅस बंद असताना, वाढण्याच्या आधी मिनिटभर. हिरवा रंग उष्णतेने आणि आंबटाने मरतो, दोन्ही एकदम मिळाले तर पाच मिनिटांत शेवाळी होतो. वास तर त्याही आधी वाफेबरोबर उडतो.

शेपूच्या जोडीला कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चांगला. थंडीत लसणाची पात मिळाली तर सोडू नका, मग लसूण वेगळा घालायची गरज नाही. कोथिंबीर घातली तर मासा ओळखीचा लागतो, वाईट नाही, पण मग लिंबाबरोबर एखादी हिरवी मिरचीही हवीशी वाटते आणि प्रकरण चटणीकडे झुकतं. पुदिना चार पानांच्या वर नको. ओव्याचं पान बहुतेकांच्या बाल्कनीत असतं. त्याचा वास ओरेगॅनोच्या वाटेचा असतो, कारण दोघांत बराचसा तोच अर्क आहे. अर्धं पान, तेही सुरुवातीला पाण्यात टाकून नंतर काढून टाकायचं. तुळस नको. ती वृंदावनात बरी, सॉसमध्ये लवंगेसारखी तिखट लागते.

सुक्या हर्ब्जबद्दल स्पष्टच सांगते. सुका पार्सली म्हणजे हिरवा भुसा. सुका ओरेगॅनो जोरकस असतो, पण तो टोमॅटोचा सोबती, लोण्यातल्या पांढऱ्या माशावर धावून जातो. पिझ्झाबरोबर आलेल्या त्या पुड्या चमच्यांच्या खणात साठवलेल्या असतात ना, त्यांत मीठ आणि बाकीचंही मिसळलेलं असतं. त्या पिझ्झालाच राहू द्या.

शेवटी लिंबाचा रस एक ते दोन छोटे चमचे, ताजी मिरपूड, आणि सॉस गरम माशावर. लिंबू नुसतं चवीला नाही. समुद्राच्या माशाचा जो वास घरच्यांना नको असतो, त्याला आंबट धरून ठेवतं, उडू देत नाही.

आता सासूबाई. मासा आणि दूध हा विरुद्ध आहार, हे चरकसंहितेत आहे, त्यामुळे त्या काही मनाचं सांगत नाहीत. दुसरीकडे दूध-सायीत मासा खाणारे देशही आहेत आणि दह्यात मासा शिजवणारे बंगालीही. या वादात मला पडायचं नाही. ज्या घरात हे चालत नाही तिथे मी नारळाचं दूध घेते. आटवलेल्या पाण्यात अर्धी वाटी दाट, पहिलं दूध. तेही उकळलं की फुटतं, म्हणून फक्त गरम करायचं. सोबत कोथिंबिरीचे कोवळे देठ बारीक चिरून, एक हिरवी मिरची उभी चिरून, शेवटी पानं आणि लिंबू. शेपू यात घालू नका, नारळाशी त्याचं जमत नाही. हे मला कधीकधी लोण्याच्या सॉसपेक्षाही आवडतं.

दूध न घालता पांढरा सॉस कसा होतो हे बघायचं असेल तर कॅम्पातल्या पारशी घरातलं 'सास नी मच्छी' आठवा. पापलेट, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, तांदळाच्या पिठीने दाट केलेलं पाणी, आणि शेवटी गॅसवरून उतरवून घातलेली व्हिनेगर-साखरेत फेटलेली अंडी. तिथेही परत उकळी आली की अंडं फाटतं. वर कोथिंबीर, खाली खिचडी. हर्ब सॉसची आवड पुण्याला अशी काल-परवा लागलेली नाही.

मुलांना कुरकुरीत हवं असेल तर तेही होतं, पण मग मासा आणि सॉस अगदी वेगळे. मीठ लावून टिपलेला तुकडा तांदळाच्या पिठीत हलकेच घोळवून बिडाच्या तव्यावर, तेल चांगलं तापल्यावर. एक बाजू दोन-तीन मिनिटं न हलवता. तुकडा स्वतःहून तवा सोडतो, तोवर उलथनं लावायचं नाही. उलटल्यावर मिनिटभरच. ताटलीत आधी सॉस, त्यावर मासा. उलट केलंत तर कुरकुरीतपणा टेबलापर्यंतही टिकणार नाही. या वेळी सॉससाठी माशाचं पाणी मिळत नाही, म्हणून काट्याचं पाणी आधी करून आटवून ठेवा.

सोबत मऊ भात, आंबेमोहोर असेल तर फारच छान, कारण तो सॉस धरतो. बासमतीवरून सॉस घसरून ताटाच्या कडेला जातो. उकडलेला बटाटा आणि पाव हेही चालतं. पोळीबरोबर मात्र मला हे कधी रुचलं नाही.

पहिल्या वेळी चौघांऐवजी दोघांसाठी करा, बुधवारी किंवा शुक्रवारी, पाहुणे नसताना, आणि बासावरच. पापलेट दुसऱ्या खेपेला. सगळं मांडून ठेवल्यावर मासा शिजायला ठेवण्यापासून ताटात यायला १५ मिनिटं पुरतात, म्हणून भात आधी करा आणि माणसं बसल्यावरच मासा पातेल्यात टाका. उरलाच तर परत गरम करू नका, लोणी फाटेल आणि मासा चिवट होईल. दुसऱ्या दिवशी गारच कुस्करून, थोडी मिरपूड आणि लिंबू घालून ब्रेडमध्ये. काटे-डोकी, गाळलेला चोथा पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये टाका आणि सकाळी कचरावाल्या ताई आल्या की ओल्या कचऱ्यात द्या, म्हणजे रात्रभर घरात वास नाही.